आत्याची चाळिशी

इटलीने जगाला काय दिले असे मुलांना विचारले, तर ती पिझ्झाचे नाव घेऊन मोकळी होतात. एखादा चुणचुणीत मुलगा फार तर व्होल्टा सांगतो. १८०० साली विजेची पहिली बॅटरी जगापुढे मांडणारा हा गृहस्थ कोमो गावचा. उंबरमाळीला आमच्या आत्याच्या घरामागून कसाऱ्याकडे जाणाऱ्या रेल्वेच्या तारेत २५,००० व्होल्टचा दाब असतो, तो त्याच्याच नावाने मोजलेला. आत्याला मात्र त्याचे काडीइतके कौतुक नाही. तिची गाठ पडली ती इटलीच्याच एका पुष्कळ जुन्या वस्तूशी.

आमच्या घरातले प्रत्येक मूल आत्याच्या गोधडीत वाढले. साठीकडे झुकल्यावर तिला सुईचे नेढे दिसेनासे झाले. मग ती सकाळीच नातीकडून दहा सुया ओवून घेई आणि उशीला टोचून ठेवी. दुपारपर्यंत दोरे संपत. पुढे नात शाळेतून येईपर्यंत आत्या हात मांडीवर ठेवून बसे. तिचे हात असे रिकामे मी कधी पाहिले नव्हते. चष्म्याचे नाव काढले की म्हणे, "चष्मे शिकलेल्यांना. मला कुठे पोथी वाचायची आहे?"

एके रात्री नातवंडांना मी चष्म्याची गोष्ट सांगू लागलो, तेव्हा आत्याही दाराला टेकली. वयाबरोबर डोळ्यातले भिंग ताठर होते. जवळचे पाहताना त्याने फुगायला हवे, ते फुगत नाही. म्हणून बाहेरून फुगीर भिंग लावायचे. ही युक्ती तेराव्या शतकाच्या अखेरीस इटलीत निघाली. १३०६ साली फ्लॉरेन्सच्या एका धर्मगुरूने प्रवचनात सांगितले, की ही कला निघून वीस वर्षेही झाली नाहीत आणि ती काढणाऱ्याशी आपण स्वतः बोललो आहोत. नाव सांगायचे तेवढे राहिले! त्या चष्म्यांना काड्या नव्हत्या; दोन भिंगे खिळ्याने जोडून नाकावर तोलायची. १३५२ साली त्रेव्हिझोत एका चित्रकाराने भिंतीवर एका कार्डिनलला चष्मा चढवला. तो बिचारा १२६३ सालीच वारला होता! मुले खो खो हसली.

"म्हणजे पोथीवाल्यांचाच की," आत्या म्हणाली.

"आत्या, समोर पोथी आहे की सुई, हे भिंगाला काय कळते?"

ती काही बोलली नाही. पण दोन दिवसांनी कल्याणला डोळे तपासायला निमूट आली.

नव्या चाळिशीतून दोरा पहिल्याच झटक्यात नेढ्यात गेला. मग तिने गेल्या पावसाळ्यातली आपली गोधडी पुढे ओढली आणि टाके न्याहाळले.

"हे वाकडे टाके कोणी घातले?"

कोणी उत्तर देण्याआधीच तिने कात्री मागितली.