नवतपातली पुट्टी

नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेला की आमच्या डेंटिंग-पेंटिंगच्या शेडमध्ये कामाचा क्रम बदलतो. पत्रा ठोकणं, डेंट ओढणं, भाग खोलणं दुपारी. पुट्टी मात्र सकाळी, टिनाचं छप्पर तापायच्या आत. ज्या गाडीला हात लावायचा ती आदल्या संध्याकाळीच सावलीत घेतो. उन्हात उभ्या काळ्या गाडीच्या बोनेटवर तळवा टेकवत नाही, तिथे पुट्टी काय धरणार?

पुट्टी म्हणजे पॉलिस्टर रेझिन आणि त्यात टाल्कसारखी भुकटी. ट्यूबमधल्या लाल हार्डनरमध्ये बेन्झॉइल पेरॉक्साइड असतं. दोन्ही एकत्र आले की आतूनच उष्णता सुटते, आणि तापमान १० अंशांनी वाढलं तर क्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो. गार हवेत पाच मिनिटं फिरणारी पुट्टी लावायची पत्ती आमच्याकडे दोन मिनिटांत अडते. आधी पुट्टी किंचित जड लागते, मग पत्तीमागे ओरखडे उठतात, मग चुरा सुटायला लागतो. ओरखडा दिसला की थांबायचं. तरीही पत्ती ओढत राहिलं तर खालची चांगली बसलेलीही उखडते.

यावर ‘उन्हाळ्यात हार्डनर कमी टाका’ असं सर्रास सांगतात. मला ते पटत नाही. शंभर ग्रॅमला दोन ग्रॅम, हे प्रमाण मी सांभाळतो. कमी पडलं तर पुट्टी वरून वाळलेली दिसते पण आत कच्ची राहते. ८० नंबरचा पेपर लगेच भरून जातो आणि रंग मारल्यावर कडा उमटतात. जास्त झालं तर उरलेलं पेरॉक्साइड रंगातून वर येतं, पांढऱ्या गाडीवर पिवळट डाग पडतात. ती गाडी परत येणारच.

कमी करायचा तो घाणा. उस्ताद एकदाच म्हणाले होते, “काहून एवढी कालवतं बे? हात पुरतो तेवढीच घे.” तेव्हापासून लिंबाएवढी पुट्टी, काचेवर. पुठ्ठ्यावर नाही; पुठ्ठा रेझिन पितो. गरगर फिरवलं तर हवा शिरते आणि घोटल्यावर बारीक भोकं उघडी पडतात. म्हणून दाबून पसरायची, गोळा करायची, पुन्हा दाबायची. लाल रेघ कुठेच उरली नाही, सगळीकडे एकच गुलाबी आला, की लगेच पत्र्यावर. जाड थर एकदम नाही. डबा माठाशेजारच्या कोपऱ्यात, झाकण घट्ट.

ओलं फडकं फिरवून पत्रा गार करणारेही पाहिलेत. उघड्या पत्र्यावर ओल राहिली तर पुट्टीखाली गंज धरतो. कूलरचा झोतही मी कामावर घेत नाही. साधा पंखा लावतो आणि तोंडाला मास्क, कारण गरमीत स्टायरीनचा वास डोक्यात चढतो.

नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, संध्याकाळी गाडी मागणाऱ्या गिऱ्हाइकाला मी उद्या दुपारची वेळ देतो. दुसरा हात सकाळीच लागेल, हे त्याला दारावरून हात फिरवायला लावून सांगतो. खोलगट भाग त्याच्याही बोटांना कळतो.