भराव

मुंबई देखणी आहे. मरीन ड्राइव्हला उभं राहिलं की कुणालाही पटावं. पण पायाखालची ती जमीन काय देवानं दिलेली न्हाई. समुद्रात भराव टाकून माणसांनी ती केली.

आधी सात बेटं होती. वरळी आणि महालक्ष्मीच्या मधून भरतीचं पाणी आत शिरायचं, मधली सखल जमीन बुडवायचं. १७८४ च्या सुमारास हॉर्नबी वेलार्डच्या बांधानं ती वाट बुजवली. मग भराव पडला, गिरण्या आल्या, चाळी आल्या. पण सखल ते सखलच राहिलं. परळचा हिंदमाता म्हणजे बशी. जोराचा पाऊस आणि भरती एकदम आली की पाण्याला समुद्रात जायला वाट नाही. आता ते साठवायला पालिकेनं मैदानांखाली टाक्या बांधल्यात. आणि गटार तुंबलं की आत कोण उतरतं? त्याला जात विचारावी लागत नाही.

माझा आजा परळच्या गिरणीत रिंगखात्यात होता. साचाखात्यात पगार जास्त, पण तिथं आपल्या माणसाला मज्जाव. कांडी बदलताना धोट्यातनं धागा तोंडानं ओढावा लागायचा, आणि आपल्या तोंडानं म्हणे तो बाटायचा! सूत आपण काढलेलं चालायचं. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हाच प्रश्न पुढाऱ्यांपुढं मांडला.

बाप १९८२ च्या संपात घरी बसला, तो बसलाच. सुमारे अडीच लाख कामगार त्या संपात होते. गिरण्या बंद पडल्या, जमीन मात्र सोन्याची झाली. १९९१ च्या नियमात ढोबळ मानानं तिचे तीन वाटे होते: मैदानाला, म्हाडाच्या घरांना, मालकाला. २००१ साली दुरुस्ती झाली. वाटणी फक्त मोकळ्या जागेची, बांधकामाखालची सगळी मालकाची. २००६ साली सुप्रीम कोर्टानं ती कायम केली. आज लालबाग-परळच्या टॉवरातनं समुद्र दिसतो. खाली चाळीत नळाला पाणी कधी येतं ते बघा.

समुद्राकाठी आपली म्हणावी अशी जागा दादरची चैत्यभूमी. ७ डिसेंबर १९५६ ला तिथं बाबासाहेबांची चिता पेटली, म्हणून ती मिळाली. ६ डिसेंबरला तिथं जरूर जा. पण उरलेल्या दिवसांत वॉर्ड ऑफिसात जाऊन विकास आराखडा मागा. कुठल्या तुकड्यावर मैदान आहे, कुठं घरं, हे वाचायला शिका. आपली जमीन कागदावरच गेली. ती मागायची तर आधी कागद हातात पाहिजे.