राहणारे, जेवणारे

सांगलीच्या विश्रामबागेत, विलिंग्डन आणि वालचंद कॉलेजांच्या आसपास, फाटकाफाटकावर पाट्या दिसतात: ‘कॉट बेसिसवर सोय होईल’, ‘पीजी, फक्त मुली’. मिरजेच्या मेडिकलपाशी मात्र ‘पोरगा पीजीला आहे’ म्हणजे तो एमडी किंवा एमएस करतोय.

*

कायद्यातला पेइंग गेस्ट आणखी निराळा. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या व्याख्येप्रमाणे घरमालक स्वतः ज्या घरात राहतो, त्यातलाच काही भाग परवान्यावर घेऊन राहणारा, कुटुंबाबाहेरचा माणूस म्हणजे पेइंग गेस्ट. मालक पुण्याला, बंगल्यात दहा-बारा कॉट, देखरेखीला एक मावशी, ही सोय त्यात बसत नाही. मग तिथल्या मुलींना लेखी, नोंदवलेला करार मिळायला हवा. बहुतेकींच्या हाती काहीच कागद नसतो. डिपॉझिट परत मागायची वेळ आली की तो आठवतो.

*

साताऱ्यात जुन्या माणसांच्या तोंडी ‘बोर्डिंग’ म्हणजे भाऊराव पाटलांचं. १९१९ साली कऱ्हाडजवळ काल्याला रयत शिक्षण संस्था निघाली, १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू झालं आणि १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस हे नाव मिळालं. सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला बसत. ज्याला जमेल त्यानं घरून धान्य आणायचं, बाकी अंगमेहनत. कोठीत दाणा उरला नाही तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा.

त्याआधी परगावी शिकणाऱ्या गरीब ब्राह्मण मुलाला माधुकरी असे, नाहीतर वार: सात दिवस, सात घरं. पैसा लागत नसे, पण ताटावर मान खाली घालून बसावं लागे. कुणब्या-महारांच्या पोरांना तेवढाही आसरा नव्हता. बोर्डिंगातल्या पोरानं आपल्या भाकरीचं मोल आपल्याच हातांनी चुकतं केलं. भाऊरावांचं मोठेपण मला सगळ्यात जास्त इथं जाणवतं.

*

पाटण, जावळी, शिराळ्याकडची माणसं मुंबईला गेली ती गावाच्या खोलीवर. एका खोलीत अख्ख्या गावाचे गडी, पाळीपाळीनं झोपायचं, भिंतीला ज्याची त्याची पेटी. इथला माणूस पाहुणाही नव्हे आणि भाडेकरूही नव्हे. वर्गणी भरली की खोली त्याची.

*

खाणावळ म्हणजे जेवणाची जागा आणि जेवणाचे पैसेसुद्धा. ‘खाणावळ किती बसते?’ हा प्रश्न आता कमी ऐकू येतो, त्या जागी मेस आली. तिथला कळीचा शब्द खाडा. जेवायला आला नाहीस तर त्या दिवसांचे पैसे वजा. पण अट असते: सलग चार-पाच दिवस गैरहजर, तेही आधी सांगून. तापानं फणफणलेलं पोर दोन दिवस कॉटवरून उठलं नाही तर खाडा धरत नाहीत. भाजीचे भाव मलाही ठाऊक आहेत, मेस चालवणाऱ्या बाईचं गणित किती काठावरचं असतं तेही दिसतं. तरी आजारपणाचा खाडा धरावा, आणि त्या दोन दिवसांत पेज कॉटपर्यंत पोचवावी.

*

ज्यांना मेस परवडत नसे त्यांचा डबा गावाहून एसटीनं येई. ॲल्युमिनियमचा, झाकणावर ऑइलपेंटनं नाव, वर फडक्याची गाठ. कंडक्टर तो स्टँडवर उतरवून देई. भाकरी पहाटेची, खायची दुपारी. रिकामा डबा संध्याकाळच्या गाडीनं परत. त्यात चुकून एखादी चिठ्ठी असे, बहुधा वह्यांच्या पैशांसाठी.