दोन दिवस हर्णैस

शहरांत राहणाऱ्या माणसाला वर्षांतून एकदां तरी शांततेचा ध्यास लागतो. आणि ती आपल्याच घरीं दारें-खिडक्या लावून मिळण्यासारखी असली, तरी तिच्यासाठीं दूरचा प्रवास केल्यावांचून त्याला चैन पडत नाहीं. आम्ही त्यांतलेच. म्हणून गेल्या फाल्गुनांत शनिवार-रविवार गांठून आम्ही उभयतां हर्णैस गेलों. दापोलीहून तें सुमारें १५ किलोमीटर. शेजारच्या मुरूडला विश्रामगृहांची दाटी झाली आहे; हर्णै मात्र पाहुण्यांकडे पाठ करून, समुद्राकडे तोंड करून बसलें आहे. आम्हांला हें फार आवडलें. "येथें आपल्याला कोणी विचारीत नाहीं," असे उद्गार आम्हीं मोठ्या समाधानानें काढले. (घरीं तरी कोण विचारतो, असें आमच्या कुटुंबाचें म्हणणें पडलें, परंतु तो विषय निराळा.)

एका घराच्या माडीवर बिऱ्हाड टाकून आम्ही किल्ले पाहावयास निघालों. कनकदुर्गाच्या टेकाडावर दीपगृह आहे. फत्तेगडावर कोळ्यांचीं घरें इतकीं दाट कीं, तट शोधूं जावें तों पाऊल कोणाच्या तरी अंगणांत पडतें. समोर पाण्यांत सुवर्णदुर्ग उभा. १७५५ सालीं पेशव्यांचें साहाय्य घेऊन कमोडोर जेम्स यानें तो तुळाजी आंग्र्यांपासून घेतला; म्हणजे मराठ्यांचें आरमार मोडण्यास मराठ्यांचाच हात लागला. पुढें १८०२ सालीं पुण्याहून पळालेला दुसरा बाजीराव वसईस जाण्यापूर्वीं याच किल्ल्याच्या आश्रयास आला होता. इतिहासाचीं हीं दोन्हीं पानें कांहीं सुखाचीं नव्हेत. तरी मावळतीच्या उन्हांत तो तट इतका देखणा दिसत होता कीं, आम्हीं तीं त्या वेळेपुरतीं मिटून ठेविलीं.

संध्याकाळीं पुळणीवर मासळीचा लिलाव भरतो. पाणी उथळ असल्यामुळें मोठ्या बोटी दूर नांगरतात, आणि मासळी लहान होड्यांतून व पाण्यांत पोटापर्यंत उतरलेल्या बैलगाड्यांतून कांठाला येते, असें आम्हीं ऐकलें होतें. गर्दीची धास्ती घेऊनच आम्ही खालीं उतरलों. पण गर्दी मुळींच नव्हती. दोन गाड्या रित्या उभ्या होत्या, बैल निवांत रवंथ करीत होते, चारदोन बायका टोपल्यांशीं बसून होत्या. आम्हांला धन्य वाटलें. त्या आनंदाच्या भरांत आम्हीं एका कोळणीकडून सहा बांगडे घेतले, आणि शहरच्या संवयीनें घासाघीस करून वीस रुपये पाडूनही घेतले.

"इथं किती शांत आहे नाहीं!" आमचें कुटुंब तिला म्हणालें.

"शांत नाय वैनी," ती टोपली सांवरीत म्हणाली, "रिकामं हाय."

मग तिनें सांगितलें. तिच्या घरची बोट चार दिवस बाहेर होती. आदल्या खेपेला डिझेल आणि बर्फ यांचाही खर्च सुटला नव्हता. या खेपेचा बर्फ उधारीवर भरला होता. खलाश्यांची मजुरी मासळी मिळो न मिळो, द्यावीच लागते. रात्रीं दूर समुद्रांत विजेचे प्रखर दिवे पेटतात, मासळी उजेडाला जमते आणि मोठ्या जाळ्यांत एकदम वेढली जाते. मग लहान होडीवाल्याला उरतें काय? पर्ससीन जाळ्यांवर राज्य सरकारनें २०१६ मध्यें निर्बंध घातले, दिव्यांच्या मासेमारीस केंद्र सरकारनें २०१७ मध्यें बंदी केली, हें आम्हांस वाचून ठाऊक होतें. आम्हीं तसें बोलूनही दाखविलें. "कायदा कागदावर दादा, दिवे पाण्यात," एवढेंच ती म्हणाली. पुढें जून-जुलैची बंदी लागली म्हणजे बोटी वर ओढायच्या. तोंवर जें हातीं येईल त्यावर पावसाळा काढायचा.

माडीवर परतल्यावर बांगडे उत्तम झाले होते, असें इतरांनीं सांगितलें. आम्हांला त्या वीस रुपयांचा हिशेब सुचत होता. जी निःशब्दता आम्ही भाडें भरून भोगावयास आलों होतों, ती त्या पुळणीवरच्या कोणालाच नको होती. रात्रभर लाटांचा आवाज ऐकूं येत होता. आदल्या दिवशीं त्यावर आम्ही एखादें काव्य रचूं म्हणालों होतों, तें राहिलें.

रविवारीं पहांटे मोठ्या कोलाहलानें जाग आली. बैलांना हांका, बायकांचें भांडण, बर्फ फोडण्याचा आवाज, कोणाची तरी खणखणीत शिवी. "आली वाटतं," असें म्हणून कुटुंब उठून बसलें. आम्ही तशींच खालीं धांवलों. गाड्या चाकें बुडेपर्यंत पाण्यांत होत्या. तीच कोळीण टोपलीवर वांकून कोणा व्यापाऱ्याशीं कडाकडा भांडत होती. बोट तिचीच कीं दुसऱ्याची, हें विचारण्यास तिला फुरसत नव्हती. तिनें बांगड्यांचा भाव सांगितला. कालच्यापेक्षां तो चढाच होता. आम्हीं निमूटपणें पैसे काढले. तिनें आमच्याकडे संशयानें पाहिलें, नोटा दोनदां मोजल्या, आणि मूठभर मांदेली पिशवींत वरून टाकलीं.