सागाची कडी रुंद, म्हणून भाव कमी?

भद्रावतीत वादळानं पडलेल्या माझ्या धुऱ्यावरच्या सागाचा कापलेला बुंधा बघून व्यापारी म्हणाला, "कडी रुंद हायेत, लाकूड कच्चं."

मित्रांनो, हा नियम पाइनचा, म्हणजे पॅकिंगच्या खोक्यांच्या लाकडाचा. त्यात कडी रुंद झाली की बहुधा हलका भाग वाढतो. सागात हंगामाच्या सुरवातीला मोठ्या छिद्रांची ओळ पडते, नंतर घट्ट लाकूड भरतं. कडी रुंद असली तरी छिद्रांची ओळ जवळपास तेवढीच, घट्ट भाग जास्त. म्हणून जोमानं वाढला एवढ्यानं साग कमजोर ठरत नाही.

खरा कस गाभ्याचा. बाहेरच्या पांढऱ्या भागाला कीड लवकर लागते. कोवळ्या झाडात तोच जास्त. भाव बोलण्याआधी टेप लावून गाभा मोजा.