पर्मनंट घर

मुलाने स्कॉटलंडमध्ये भाड्याने घर घेतले आणि फोनवर पत्ता सांगितला. घराला नंबर नव्हता, नाव होते: 'ओल्ड मॅन्स'. पत्ता वहीत उतरवून घेता घेता ही म्हणाली, "म्हणजे कुणा म्हाताऱ्याचे घर का रे?"

"म्हाताऱ्याचे नव्हे आई, पाद्रीबाबांचे! कधीच विकून टाकले त्यांच्या चर्चने."

शब्दांचा मला जुना नाद. जेवणे आटोपल्यावर कोश काढून बसलो. स्कॉटलंडच्या चर्चने आपल्या पाळकाला राहायला दिलेले घर म्हणजे मॅन्स. मुळात शब्द लॅटिन. धातू 'मानेरे', अर्थ राहणे, मुक्काम करणे. मग काय, गोतावळाच सापडला! मुंबईच्या जुन्या इमारतींवर दिमाखाने मिरवणारे 'मॅन्शन' याच कुळातले. फ्रेंचांचे 'मेझाँ', म्हणजे घर, तेही यातलेच. आणि ज्या एका शब्दासाठी आपण नोकरदार माणसे जीव टाकतो, तो 'पर्मनंट'सुद्धा याच धातूचा!

पण गंमत अशी, की मॅन्स काही पर्मनंट नव्हे. ते घर माणसाचे नसते, जागेचे असते. पाळकाची नेमणूक संपली की घर सुटले. 1843 साली स्कॉटलंडच्या चर्चमध्ये मोठी फूट पडली. जमीनदाराने नेमलेला पाळक गावकऱ्यांनी मुकाट्याने पत्करावा काय, असा वाद होता. साडेचारशेहून अधिक पाळक तत्त्वासाठी बाहेर पडले. पगार गेला, त्याबरोबर घरही गेले. बायकामुलांसह घर सोडणाऱ्या अशाच एका पाळकाचे चित्र जॉर्ज हार्वे यांनी रंगवले आहे. चौपाटीवरच्या कॉलेजला ज्यांचे नाव आहे, ते मुंबईचे जॉन विल्सनही त्या वेळी बाहेर पडलेल्यांच्या बाजूला गेले.

हे वाचले आणि कोश तसाच मांडीवर राहिला. मला आमचे क्वार्टर आठवले. वडील सरकारी नोकरीत. कौलारू दोन खोल्या, पुढे अंगण, अंगणात आईने लावलेला प्राजक्त. मी अकरा वर्षांचा असताना वडील गेले, आणि काही महिन्यांतच क्वार्टर रिकामे करण्याचा दिवस आला. सामान बैलगाडीत चढले. आई मात्र बाहेर येईना. मी आत डोकावलो, तर ती रिकामी खोली झाडून, सारवून, उंबऱ्यापाशी रांगोळी काढत होती.

आत्या म्हणाली, "वहिनी, आता कुणासाठी?"

"येतील त्यांच्यासाठी," आई म्हणाली. "त्यांना घर ओकेबोके दिसू नये."

कोशात शेवटी आणखी एक भाऊबंद भेटला. 'मान्सिओ'. रोमन लोक रस्त्यावरच्या रात्रीच्या मुक्कामाच्या ठिकाणाला असे म्हणत. म्हणजे कायमचे राहणे आणि एका रात्रीपुरते राहणे, दोन्ही एकाच धातूच्या पोटी! आईने कधी कोश उघडला नव्हता, पण तिला तो अर्थ ठाऊक असावा.

दिवाळीला मुलाचा फोन येईल. त्याला सांगणार आहे, घर भाड्याचे असले तरी उंबऱ्यावर रांगोळी काढ. आणि सोडशील त्या दिवशीही काढ.