चेन छातीशीच अडली!

मंडळी, गेल्या डिसेंबरात कल्याणहून माळशेजची एसटी पकडली, खुबी फाट्याला उतरलो. खिरेश्वर, टोलार खिंड करत हरिश्चंद्रगड गाठला. उंची १४२४ मीटर. चढलो, पण रात्री हरलो. आयोजकांनी भाड्याने दिलेल्या ‘ममी’ स्लीपिंग बॅगची चेन माझ्या छातीशीच अडली. पोरं हसली, मीही हसलो. पहाटेपर्यंत कुडकुडत मात्र एकटाच होतो.

ऊब देते ती बॅगेच्या भरणात अडकलेली हवा. बॅग घट्ट झाली की भरण दाबलं जातं, हवा जाते, थंडी शिरते. म्हणून घेताना नुसती लांबी बघू नका, खांद्यापाशी घेर बघा. दुकानातच स्वेटर घालून आत शिरा, चेन लावा, कुशीवर वळून बघा. आडव्या अंगाच्या माणसाला आयताकृती बॅग बरी; वजन जरा जास्त, पण झोप लागते. फारच ऐसपैसही नको, तापायला वेळ लागतो. ‘लिमिट’ नव्हे, ‘कम्फर्ट’ तापमान वाचा. खाली मॅट हवीच.

ट्रेकवाल्यांनो, फॉर्मवर व्हेज-नॉनव्हेज विचारता ना? तिथेच मापाचाही रकाना ठेवा. आमच्यासारखे लाजेपोटी विचारत नाहीत आणि मग गडावर रात्रभर जागतात. थंडीत ही गंमत नाही, धोका आहे.